चढावर दम का लागतो? गाडीला आणि आपल्याला

माझी जुनी पेट्रोल गाडी सपाटीवर नीट चालायची, पण कसारा घाटात दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. "वय झालं गाडीचं," म्हणत मी दोन महिने काढले.

नाशिकच्या मेकॅनिकने आधी एकच प्रश्न विचारला, "डॉक्टर, इंजिनाचा आवाज चढतो, पण वेग वाढत नाही, असं होतं का?" तसं असेल तर क्लच घसरतोय. माझ्या गाडीत आवाजही चढत नव्हता. म्हणजे इंजिनालाच काहीतरी कमी पडत होतं: हवा, पेट्रोल, ठिणगी किंवा कॉम्प्रेशन. नाहीतर सायलेन्सरची वाट तुंबलेली. एअर फिल्टर आणि प्लग ठीक निघाले. गेज लावल्यावर पेट्रोलचा दाब कमी दिसला. फ्युएल फिल्टर चोंदला होता! सपाटीला पेट्रोल थोडं लागतं, ते पुरत होतं. घाटात मागणी वाढली की कमी पडायचं.

ऐकताना मी गप्प झालो. पांडवलेणीच्या पायऱ्यांवर हल्ली मलाही धाप लागत होती, आणि तिथेही मी वयालाच दोष देत होतो. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी असंच होतं. म्हणूनच बसल्या जागी काढलेला ईसीजी नॉर्मल येऊ शकतो.

त्याच आठवड्यात मी तपासणी करून घेतली. माझं हिमोग्लोबिन कमी निघालं, आता त्याचं कारण शोधतोय.

तुम्हालाही चढावर नव्याने दम लागतो का? रक्तदाब, हिमोग्लोबिन, हृदय आणि फुप्फुसं तपासून घ्या. सोबत छातीत दुखत असेल, घाम येत असेल, तर थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.