बॉयलरवरची स्क्रीन

१० जुलै
हंगाम संपला, साखर कारखान्यात ओव्हरहॉलिंग चालू आहे. बॉयलरच्या कंट्रोल रूममधला संगणक अजून विंडोज एक्सपीवर आहे. मायक्रोसॉफ्टने २०१४ सालीच त्याच्यावरून हात काढून घेतला. चीफ इंजिनिअर म्हणाले, "अग्निप्रदीपनाआधी नवीन स्काडा बसवा, पीएलसीला हात लावू नका." स्काडा म्हणजे बॉयलरची स्थिती स्क्रीनवर दाखवणारे सॉफ्टवेअर, पीएलसी म्हणजे प्रत्यक्ष यंत्रे चालवणारा नियंत्रक. हा पीएलसी मॉडबसवर बोलतो. मोडिकॉन कंपनीची ही १९७९ची संवादपद्धत बाजारातले बहुतेक सगळे स्काडा वाचतात. त्यामुळे निवडीला मोकळीक आहे.

२२ जुलै
तीन कोटेशने आली: सीमेन्सचे विनसीसी, अविवाचे इनटच आणि इग्निशन. पहिल्या दोहोंत भाव टॅगच्या, म्हणजे सॉफ्टवेअर हाताळते त्या एकेका मूल्याच्या, संख्येवर लावलाय, इग्निशनचा सर्व्हरवर. बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याच्या पातळीचा ट्रान्समीटर एकच. पण पातळी, सेट पॉइंट, व्हॉल्व्हची स्थिती, ऑटो की मॅन्युअल, वरची-खालची मर्यादा, हे सगळे वेगवेगळे टॅग. उद्या डिस्टिलरी जोडली की टॅग पुन्हा वाढणार. शिवाय इग्निशन लायसन्सआधी दोन-दोन तास चालवून बघता येते. त्याच्याच बाजूने टिपण दिले.

५ ऑगस्ट
डेमोत ज्वाळा हलत होत्या, पंखे फिरत होते. ऑफिसातली मंडळी खूश. शेजारी बसलेल्या बॉयलर अटेंडंट मामांना विचारले, रात्रपाळीला नजर कशावर असते? "ड्रमची पातळी, स्टीमचा दाब, भट्टीचा ड्राफ्ट. ही रंगपंचमी बघायला सवड कुणाला हाय?" आयएसए-१०१ या २०१५च्या मानकाचाही रोख असाच: रंग महत्त्वाच्या गोष्टीसाठी राखून ठेवा. पार्श्वभूमी राखाडी ठरवली. लाल रंग फक्त अलार्मला.

१९ ऑगस्ट
अलार्मची यादी तपासली. प्रत्येक मीटरला हाय, लो, हाय-हाय, लो-लो लावून ठेवलेले. वेल्समधल्या मिलफर्ड हेवन रिफायनरीत २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला. त्याआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. ते वाचायचे कधी आणि हालचाल करायची कधी? ईमुआ-१९१ या मार्गदर्शिकेच्या मते सरासरी दहा मिनिटांना एक अलार्म माणसाला झेपतो. आमचा नियम ठरला: ज्यावर ऑपरेटरने काही करायचे नाही, तो अलार्म नाही, त्याची नुसती नोंद होईल. बरीच यादी गळाली.

२८ सप्टेंबर
टेबलावर चाचणी. पीएलसीची नेटवर्क केबल मुद्दाम काढली. ड्रमची पातळी स्क्रीनवर ५२ टक्क्यांवरच थांबली. आकडा दिसायला निरोगी, पण शिळा. खऱ्या बॉयलरवर फीड पंप थांबला असता, तर ड्रम मिनिटांत रिकामा होत आला असता आणि स्क्रीन ५२च दाखवत राहिली असती. आकड्याबरोबर तो विश्वासार्ह आहे की नाही हेही सॉफ्टवेअरकडे येत असते. आमच्या चित्रातल्या त्या चौकटीला ते जोडलेले नव्हते. आता संपर्क तुटला की आकड्यावर फुली येते आणि भोंगा वाजतो. लो-लो लेव्हलचा ट्रिप मात्र स्क्रीनवर विसंबून नाही, आणि मामांची गेज ग्लासवरची नजरही कायम राहील.

स्काडा निवडणाऱ्यांना एवढेच सांगणे: डेमोच्या दिवशी विक्रेत्याला केबल काढायला सांगा, आणि तेव्हा स्क्रीनसमोर रात्रपाळीचा माणूस बसवा.