आवाज गिटारचा नव्हता

“गिटारवाले भाऊ, तुमची लाइन बंद ठेवा, गाणं ऐकू येऊन नाही रायलं.” निवेदकाने हे थेट माइकवरून सांगितलं. १४ एप्रिलची रात्र, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं गाव, मंडप गच्च भरलेला आणि गायिका भीमगीताच्या पहिल्याच कडव्यावर. मी तोवर तारेला हातही लावला नव्हता. स्पीकरमधून येणारी भणभण माझ्या गिटारच्या वाटेने येत होती हे खरं, पण ती माझ्या वाजवण्यातली नव्हती. साउंडवाल्याने मिक्सरवरचं माझं बटण खाली ओढलं आणि उरलेला कार्यक्रम मी गिटार गळ्यात अडकवून नुसता उभा राहिलो. मानधन पूर्ण मिळालं. ते खिशात घालताना जे वाटलं, ते आजही आठवलं की जीव जळतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आणि सुट्टीच्या रात्री वाजवतो. गोंदिया जिल्ह्यात वाजवणाऱ्याचं वर्ष ठरलेलं असतं. गणपती आणि शारदा उत्सव झाले की दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा, मग बैलांच्या शर्यतींचे शंकरपट आणि झाडीपट्टीची रात्रभर चालणारी नाटकं, नंतर लग्नं, आणि एप्रिलमध्ये बुद्ध-भीमगीतांचे कार्यक्रम. ऑर्गन, ढोलक, ऑक्टोपॅड यांच्याशिवाय कोणाचं चालत नाही. गिटारला मात्र दर वेळी आपली जागा मागून घ्यावी लागते, आणि ज्याची जागा कच्ची त्याच्यावर खापर लवकर फुटतं.

माझी गिटार साध्या बनावटीची आहे. फेंडरने १९५४ मध्ये जी स्ट्रॅटोकास्टर आणली, तिच्या धर्तीवर तीन सिंगल कॉइल पिकअप असलेली. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. पोलादी तार थरथरली की त्या कॉइलमध्ये वीज तयार होते. पण कॉइलला तार आणि ट्रान्सफॉर्मर यांतला फरक कळत नाही, आसपासचं जे काही थरथरतं ते ती उचलते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिचा दुपटीचा सूर १०० हर्ट्झ, म्हणजे पांढरी पाच आणि काळी चार यांच्या अधेमधे कुठेतरी. तो कुठल्याच पट्टीत बसत नाही, त्यामुळे गायिका कोणत्याही सुरात गायली तरी तो बाजूला उभा राहून बेसूर ओरडत असतो.

त्या एप्रिलनंतर मी गिटार घेऊन एका मोठ्या शहरातल्या दुकानात गेलो. गिटारदुरुस्तीत त्यांचं नाव होतं. काउंटरवरच्या माणसाने पाच मिनिटं वाजवून पाहिली आणि म्हणाला, “शील्डिंग करावं लागेल. सिंगल कॉइल थोडी हम करणारच, पण सत्तर टक्के जाईल.” पैसे आगाऊ घेतले, आठवडाभराने बोलावलं. मी पुन्हा गाडी पकडून गेलो. दुकानात लावून दाखवली तेव्हा आवाज खरंच कमी वाटला. त्यांच्याकडे ट्यूबलाइट नव्हती, डिमर नव्हता, अर्थिंग चोख होतं. तिथे कुठलीही गिटार शांतच वाटली असती, हे मला घरी आल्यावर सुचलं.

घरी आवाज पहिल्यापेक्षा वाढला होता. पूर्वी तारांवर हात ठेवला की भणभण अर्धी व्हायची. आता हात ठेवा नाहीतर काढा, फरकच पडत नव्हता. फोन केला तर म्हणाले, तुमच्या गावची लाइन खराब असेल. पुन्हा केला तर म्हणाले, ॲम्प बदला. तिसऱ्यांदा फोन उचललाच नाही. तेव्हा मी खाटेवर चादर अंथरली, स्क्रू काढले आणि पिकगार्ड, म्हणजे पिकअप आणि बटणं धरणारी प्लास्टिकची पाटी, उलटा केला.

आत जे दिसलं ते मी विसरणार नाही. पोकळीत स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची पन्नी चिकटवली होती, तुकडे-तुकडे करून, खाली गोंदाचा जाड थर. गोंद वीज वाहून नेत नाही, त्यामुळे एका तुकड्याचा दुसऱ्याशी संबंध नव्हता. ॲल्युमिनियमवर साधं सोल्डर धरत नाही, म्हणून पन्नीला अर्थची तार जोडलेलीच नव्हती. मल्टिमीटर बीपवर ठेवला, एक टोक जॅकच्या बाहेरच्या कडीला आणि दुसरं पन्नीला. बीप नाही. दुसऱ्या तुकड्याला, तिसऱ्याला, पिकगार्डमागच्या पन्नीलाही नाही. मग तारांना लावलं, तिथेही नाही. ब्रिजच्या स्प्रिंगांना धरणाऱ्या लोखंडी पट्टीला जी तार सोल्डर केलेली असते, ती निखळून गोंदात रुतून बसली होती. म्हणजे जे कवच केलं ते कवच नव्हतंच, आणि जे आधी जोडलेलं होतं ते यांनी तोडून ठेवलं होतं. शील्डिंग म्हणजे घराभोवतीचं कुंपण. त्याची टोकं एकमेकांना मिळाली नाहीत तर ढोर आत येणारच. हे त्या कारागिराला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. गोंदियावरून आलेला माणूस पिकगार्ड उघडून बघणार नाही, एवढंच त्याने धरून चाललं असावं. पैशांपेक्षा मला तेच जास्त लागलं.

मग मी स्वतः करायला घेतलं. ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी नीट सांगतो. तांब्याची चिकट टेप कुरियरने मागवा. जुनी पन्नी आणि गोंद खरवडून पोकळी कोरडी करा. टेपचा प्रत्येक तुकडा आधीच्यावर थोडा चढवून लावा आणि दर जोडावर सोल्डरचा एक ठिपका द्या. टेपमागचा गोंद वीज वाहतो असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी द्या. पिकगार्डच्या मागेही टेप लावा आणि ती पोकळीच्या काठावरच्या टेपला टेकेल असं बघा, म्हणजे डबीला झाकण बसतं. आवाजाच्या बटणाखालच्या पॉटच्या पाठीवर सोल्डर धरत नसेल तर आधी पॉलिशपेपर मारा आणि सोल्डरिंग आयर्न झटकन लावून उचला. जास्त वेळ तापवलात तर पॉटच्या आतली पट्टी जळते. अर्थच्या सगळ्या तारा एकाच पॉटच्या पाठीवर आणा, ब्रिजची धरून. जॅकपाशी सिग्नलचं टोक टेपला टेकलं तर गिटार मुकी होते, म्हणून तिथे इन्सुलेशन टेप लावा. शेवटी पुन्हा मल्टिमीटर: जॅकच्या कडीपासून टेपच्या प्रत्येक भिंतीला बीप, तारांना बीप.

एवढं केल्यावर भणभण गेली. ट्यूबलाइटची चरचर गेली, मोबाइलच्या चार्जरची शिट्टी गेली. राहिली ती खालची जाड घूं. टेप लावूनही ती तसूभर हलली नाही. हा आवाज चुंबकीय असतो, त्याला तांब्याची पातळ टेप अडवू शकत नाही. खूण सोपी आहे: गिटार घेऊन जागच्या जागी वळा. वळताना घूं कमी-जास्त होत असेल तर ती कॉइलने बाहेरून उचललेली आहे.

याचं उत्तर मला गिटारवाल्याने दिलं नाही, मोटारीच्या मिस्त्रीने दिलं. आमचा धानाचा पट्टा. शेतातले पंप आणि राईस मिलच्या मोटारी जळतात, त्यामुळे वाइंडिंगचं दुकान मोठ्या गावात असतंच. तारेचा गेज विचारायला मी पिकअप घेऊन गेलो होतो. त्यांनी चष्म्यावर भिंग धरलं, पिकअप उलटसुलट केला आणि म्हणाले, “गुरुजी, हे तं मोटारीचीच कॉइल हाये, बारीक. बाजूच्या कॉइलीची टोकं उलटी जोडा. बाहेरचा करंट एकमेकाले खाऊन टाकते.”

मी म्हटलं, मग गाण्याचा सूरही खाऊन टाकेल की.

“मंग चुंबक बी पालटवा ना जी.”

हीच ती गोष्ट. सेथ लव्हर नावाच्या माणसाने गिब्सन कंपनीत असताना १९५५ मध्ये ज्या हंबकर पिकअपच्या पेटंटचा अर्ज केला, त्याचं मूळ हेच आहे: दोन कॉइल एकमेकींच्या उलट, दोघींचे चुंबकही उलट. बाहेरून येणारा हम दोघींत विरुद्ध होऊन मरतो; तारेचा सूर दोनदा उलटून पुन्हा सुलट होतो आणि टिकतो. ते पेटंट १९५९ मध्ये मिळालं. मिस्त्रींनी लव्हरचं नाव ऐकलेलं नाही. आयुष्यभर कॉइल गुंडाळणाऱ्या माणसाला ते आपोआप दिसलं.

माझ्या गिटारच्या पिकअपखाली सिरॅमिक चुंबकाची सपाट कांडी चिकटवलेली आहे. मधल्या पिकअपची कांडी पातळ पातं घालून सोडवली, उलटी करून पुन्हा चिकटवली आणि त्याच्या दोन तारांची अदलाबदल केली. उत्तर-दक्षिण तपासायला शाळेतलं होकायंत्र कामी आलं. आता पाच जागांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागी, जिथे मधला पिकअप शेजारच्यासोबत चालतो, तिथे घूं जवळजवळ नाहीशी झाली. खर्च शून्य. मिस्त्रींनी चहासुद्धा आपल्याच पैशाने पाजला.

इथे हे संपायला हवं होतं. पण दिवाळीनंतरच्या एका मंडईत तीच दुरुस्त गिटार पुन्हा ओरडली. या वेळी मी खिशात टेस्टर नेला होता. गिटारच्या तारेला लावला तर मिणमिणला. तारेला! बिछायतवाल्याच्या बोर्डामागे गेलो. उघड्या तारा सॉकेटमध्ये खुपसून आगकाडीने घट्ट केलेल्या, तिसरं छिद्र रिकामं, आणि अर्थची हिरवी तार कापून काळ्या टेपखाली दाबलेली. विचारलं तर उत्तर आलं, “ते जोडली का हम येते, म्हणून काढली.”

साउंडच्या धंद्यात हा उपाय सर्रास चालतो आणि तो माणूस मारू शकतो. गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात, म्हणजे वाजवणारा स्वतःच त्या साखळीत असतो. एका टोकाला चांगलं अर्थ आणि दुसऱ्या टोकाला अर्थिंग नसलेला, करंट उतरलेला माइक असला, की ओठ टेकवताच करंट माणसातून जातो. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी शहरात लेस हार्वे हा गिटारवादक असाच स्टेजवर दगावला. बॅनरला, हाराला, पाहुण्यांच्या शालीला मंडळाकडे पैसे असतात. ओल्या जमिनीत नीट अर्थिंग ठोकून त्यावर करंट गळला की लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायला परवाना असलेला वायरमन बोलवायचा म्हटलं की बजेट संपतं. डिमरचे दिवे आणि साउंड एकाच बोर्डावरून घेऊ नयेत, एवढं जरी पाळलं तरी अर्धी भणभण गिटार न उघडताच जाईल.

म्हणून आता मला वाटतं, पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर तांब्याची टेप नंतर आणा, आधी अर्थिंग बघा. त्या दुकानदारावरचा माझा राग कमी झालेला नाही. पण सिंगल कॉइल थोडी हम करणारच, हे त्याचं एक वाक्य खरं होतं. ब्रिजचा पिकअप एकटा लावला की माझी गिटार आजही गुणगुणते. मित्र म्हणतात, हंबकर बसव, कटकट मिटेल. नाही बसवणार. ढोलकीच्या दोन थापांच्या मधून आरपार जाणारा तो कोरडा, धारदार सूर हंबकरमधून मला मिळत नाही, आणि त्यासाठी एवढी गुणगुण मी सोसतो.

पण अर्थची तार काढलेल्या बोर्डावर मी वाजवत नाही. आधी टेस्टर लावतो, मिणमिणला तर आयोजकाला दाखवतो. तार जोडली तर उभा राहतो, नाहीतर गिटार बॅगेत घालून घरी येतो. मानधन बुडतं. बुडू द्या. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीत जी पोरं नव्याने गिटार घेऊन मंडईत उतरत आहेत, त्यांनीही असंच करावं.