सल्लागारानं बसायचं कुठे?

गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याहून नागझिऱ्याच्या जंगलाकडे निघालं की बोदलकसा लागतं. इंग्रजांच्या काळात बांधलेला मोठा जलाशय, तिन्ही बाजूंनी झाडीचे डोंगर आणि हिवाळ्यात पाहुणे पक्षी. सुट्टीच्या दिवशी इथे फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. पण या भागातली तळी फक्त बघण्यासाठी नाहीत. भंडारा-गोंदियाची शेती आणि ढिवरांची चूल त्यांच्यावर चालते.

या तळ्यांनी तज्ज्ञांचे पुष्कळ सल्ले पचवलेत. १९५१ साली मालगुजारी गेली आणि जुने तलाव सरकारकडे आले. पुढे उत्पादन वाढावं म्हणून रोहू, कतला, मृगळ या माशांचं बीज सोडायचा सल्ला आला. मासा भराभर वाढतो, वजन जास्त, बाजार तयार. हिशोबात काहीच चूक नव्हती. पण स्थानिक मासे कमी होत गेले, पाणवनस्पती गेल्या. कुठला मासा कुठल्या गवतात अंडी घालतो हे ज्या ढिवरांना माहीत होतं, त्यांना त्या हिशोबात कुणी विचारलं नव्हतं. आता याच जिल्ह्यांत काही ठिकाणी ढिवर आणि अभ्यासक एकत्र बसून तळ्यांत देशी वनस्पती पुन्हा लावतात. इथे जाणकार दोन्ही बाजूंना आहेत, आणि एकमेकांना विचारल्याशिवाय दोघांचंही काम पुढे सरकत नाही.

हे सगळं डोक्यात घोळायचं कारण म्हणजे माझा मामा. बोदलकस्याच्या पलीकडे त्याचं गाव आहे. वनहक्क कायद्याखाली गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळालाय. म्हणजे तेंदूपत्ता कुणाला विकायचा हे आता ग्रामसभा ठरवते. यंदा प्रश्न होता, लिलाव एकट्यानं करायचा की आजूबाजूच्या ग्रामसभांसोबत मिळून? मामाचा फोन आला, "बाबू, तू कॉम्प्युटरवाला आहेस. तूच सांग ना का करावं ते. आमाले का समजते?"

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सल्ला देणं हे माझ्या नोकरीचं अर्धं काम आहे. पण "आमाले का समजते" हे वाक्य मला टोचलं. एप्रिल-मेच्या उन्हात पहाटेपासून पानं तोडून, संध्याकाळी पुडे बांधून फडीवर नेणारी माणसं हे म्हणत होती, तेही तेंदूचं झाड शेवटचं कधी पाहिलं हे न आठवणाऱ्या माणसाला.

जाणकार आणि निर्णय घेणारे यांचं नातं कसं असावं, हा प्रश्न जगभर चाललाय. आयर्लंडनं २०१६ साली चिठ्ठ्या टाकून ९९ सामान्य नागरिक निवडले आणि गर्भपातबंदीसारख्या अवघड विषयावर त्यांना महिनोन्‌महिने विचार करू दिला. डॉक्टर, वकील, दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते त्यांच्यासमोर येऊन मांडणी करायचे, प्रश्नांना उत्तरं द्यायचे आणि निघून जायचे. मत फक्त नागरिकांचं. त्यांनी बंदी उठवायची शिफारस केली आणि मे २०१८च्या सार्वमतात ६६ टक्क्यांहून जास्त लोकांनी तिला होकार दिला. २०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेच्या वेळी तर अख्ख्या जगातून लॉटरीनं १०० माणसं निवडून 'ग्लोबल असेंब्ली' भरवली गेली. तिलाही तज्ज्ञांची समिती होती. पण तिचं काम होतं माहिती सोप्या भाषेत लोकांपुढे ठेवणं.

हे वाचून वाटतं, वा, काय नवीन कल्पना! पण आमच्या शेजारच्या गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं हे कितीतरी आधी करून ठेवलंय. तिथे अभ्यासगट असतो आणि ग्रामसभा असते. अभ्यासगटात बाहेरचे जाणकारही बसतात, कायदा वाचतात, वाद घालतात. पण तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीनं. मोहन हिराबाई हिरालाल हे या प्रक्रियेतले बाहेरचे सोबती, आणि देवाजी तोफा गावातले. २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात सर्वात आधी हा हक्क मिळवणाऱ्या गावांपैकी ते एक. मग बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी भांडण झालं आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. मोहनभाऊ २०२५च्या जानेवारीत गेले. पण निर्णयाची खुर्ची त्यांनी कधी अडवलेलीच नव्हती, त्यामुळे ती रिकामी व्हायचा प्रश्न नव्हता.

आता कुणी म्हणेल, गावाला फार डोक्यावर घेऊ नका. बरोबर आहे. गाव म्हणजे संकुचितपणाचं डबकं, असा इशारा बाबासाहेबांनी संविधान सभेतच दिला होता, आणि जातीनं पोळलेल्या कुणालाही तो पटेल. म्हणून तर वनहक्काच्या नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली: ग्रामसभेला निम्मे सभासद हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका. पण नियम बाईला सभेत बसवतो, बोलतं करत नाही. आणि शिकलेला माणूस बोलायला लागला की सगळ्यात आधी तीच गप्प होते.

म्हणून मी गावी गेलो ते एक तक्ता घेऊन. दोन पर्याय, प्रत्येकाचा फायदा, प्रत्येकाचा धोका. शेवटचा रकाना मुद्दाम कोरा ठेवला. त्यावर लिहिलं, 'आणखी काय पाहायचं?' सभेत तक्ता वाचून दाखवला आणि बायका बसल्या होत्या तिकडे मागे जाऊन बसलो. मामा वैतागला. "मंग तुले बोलावलं कायले?" त्याचाही मुद्दा होता. हातचं राखून बोलणारा सल्लागार कुणाला आवडतो?

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक म्हातारी म्हणाली, "पैसे कवा भेटतीन?" भाव किती हे नाही, कधी. मे महिन्यात लग्नं असतात, लगेच खरिपाचं बियाणं. जास्त भावाचे पैसे दिवाळीला आले तर मधले महिने सावकाराकडे जावं लागतं. मग दुसरी बोलली, मग तिसरी. फडी लांब गेली तर पुडे डोक्यावरून कोण नेणार? आदल्या हंगामातली मोजणी कुणी तपासली? कोरा रकाना भरला आणि कागद उलटून मागे लिहावं लागलं.

निर्णय दुसऱ्या बैठकीत झाला. आठ दिवसांत मजुरी रोख मिळण्याच्या अटीवर एकट्यानं लिलाव. मला कुणी विचारलं असतं तर मी एकत्र जा म्हणालो असतो, कारण मोठ्या मालाला भाव चांगला मिळतो. नंतर मामानं विचारलंच, तेव्हा मी हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुयं खरं असन. पण आमी आता ठरवलं."

कुणाचं खरं ते हंगामानंतर कळेल. भाव पडला तर तोटा त्यांच्या घरात जाईल. माझा पगार एक तारखेला जमा होईलच. सल्लागारानं मागे का बसायचं, याचं मला सापडलेलं कारण एवढंच आहे. बाकी कामं आहेत. फडीवरचा रोजचा हिशोब मोबाईलवर ठेवता येईल का, असं त्या म्हातारीच्या नातीनं विचारलंय. तिला बारावीत गणित आहे. रकाने तीच ठरवणार आहे.