ब्लॅकपल्लीचे शिवाजीनगर

बंगळूरच्या मॅजेस्टिक स्थानकावरून शिवाजीनगरची बस पकडली आणि विधानसौध मागे पडला, की रस्त्यांच्या पाट्याच इतिहास सांगू लागतात. इन्फंट्री रोड हा पायदळाचा रस्ता. आजचा कामराज रोड पूर्वी कॅव्हलरी रोड होता, म्हणजे घोडदळाचा. पुढे डिस्पेन्सरी रोड लागतो. त्याच्या पलीकडे ओल्ड पुअर हाउस रोड, ज्याला इथे सगळे ओ. पी. एच. रोड म्हणतात. फौज, दवाखाना आणि निराधारांचे आश्रयघर, अशी एका वसाहतीची सारी हकिगत या चार पाट्यांत येते.

नोकरीसाठी बंगळूरला येणारी मराठी मंडळी बहुतेक करून व्हाइटफील्ड, मराठहळ्ळी, इलेक्ट्रॉनिक सिटी अशा नव्या भागांत राहतात. वर्षानुवर्षे राहूनही त्यांतल्या अनेकांनी शिवाजीनगर पाहिलेले नसते. मला मात्र हे शहर समजू लागले ते इथे. परक्या मुलखातून आलेल्या माणसांनी शेजारी शेजारी राहून गाव कसे उभे केले, हे पाहायचे तर बंगळुरात याहून चांगली जागा नाही.

१७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले, टिपू सुलतान मारला गेला आणि इंग्रजी फौजेने तिथेच तळ ठोकला. पण कावेरीकाठच्या हिवतापाने सैनिक हैराण झाले. तेव्हा समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच असलेल्या बंगळूरची हवा इंग्रजांना मानवली आणि १८०९ च्या सुमारास जुन्या पेठेच्या पूर्वेला, हलसूरच्या बाजूस छावणी वसली. फौज मद्रास इलाख्याची होती. त्यामुळे तिच्यामागून आलेले शिपाई, कंत्राटदार, धोबी, गवंडी, भाजीवाले मुख्यतः तमिळ आणि तेलुगू बोलणारे होते. दखनी बोलणारे मुसलमान आले, पुढे कच्छहून मेमन व्यापारी आले, युरोपियन आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे आली. कवायतीच्या मैदानाच्या उत्तरेला या लोकांची जी दाट वस्ती झाली, तिला ब्लॅकपल्ली म्हणत. तेच आजचे शिवाजीनगर.

बसस्थानकावर उतरून पाच-दहा मिनिटे चालले की रसेल मार्केटचा चौक येतो. सकाळी लवकर जावे. तेव्हा टेम्पोतून पालेभाजी उतरत असते, मागच्या बाजूला फुलांचे ढीग लागलेले असतात आणि मासळीच्या गाळ्यांवर बर्फ फोडण्याचा आवाज चालू असतो. बंगळूरला समुद्र नाही, पण इथल्या ओट्यांवर मंगळूरकडचा बांगडा आणि चेन्नईकडची मासळी असे दोन्ही किनारे भेटतात. कोकणातून किंवा गोव्यातून आलेल्या माणसाचा पाय इथे हमखास रेंगाळतो. मी एका गाळ्यावर सुरमई पाहत उभा होतो. विक्रेत्याने गिऱ्हाइकाशी तमिळमध्ये भाव केला, पोऱ्याला दखनीत हाक मारली आणि मला कन्नडमध्ये किंमत सांगितली. माझे कन्नड अडखळते आहे हे पाहून तो लगेच हिंदीवर आला. त्याला यात काही विशेष वाटले नाही. इथे धंदा करायचा तर एवढ्या भाषा याव्याच लागतात.

मार्केटची कमानदार इमारत १९२७ मध्ये बांधली गेली आणि छावणीचे तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर टी. बी. रसेल यांचे नाव तिला मिळाले. १९३३ मध्ये तिचे उद्घाटन हाजी सर इस्माइल सेठ यांच्या हस्ते झाले. सेठ कच्छी मेमन, मोठे व्यापारी आणि तितकेच मोठे दाते होते. इथून जवळच असलेले स्त्रियांचे गोशा रुग्णालय त्यांच्याच नावाने चालते. २०१२ च्या फेब्रुवारीत मार्केटला मोठी आग लागून कितीतरी गाळे खाक झाले. पण व्यापारी जागा सोडून गेले नाहीत, बाजार पुन्हा भरू लागला. आज इमारतीला दुरुस्तीची नितांत गरज आहे. छतांकडे आणि गटारांकडे पाहिले की काळजी वाटते. नव्वदीच्या पुढे गेलेली ही वास्तू शहराने जपलीच पाहिजे, आणि तीही आतल्या व्यापाऱ्यांना न उठवता.

चौकाच्या समोर सेंट मेरी बॅसिलिकाचा उंच मनोरा दिसतो. बंगळुरातल्या सर्वांत जुन्या चर्चपैकी हे एक. फ्रेंच धर्मगुरू आबे द्युबुआ यांनी १८१८ मध्ये इथे गवताने शाकारलेले लहानसे प्रार्थनाघर बांधले. हे द्युबुआ विलक्षण गृहस्थ होते. देशी पोशाख घालून, देशी अन्न खाऊन ते दक्षिण भारतात तीन दशकांच्या आसपास राहिले. देवीची लस लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी त्यांनी कष्ट घेतले आणि हिंदूंच्या चालीरीतींवरचा त्यांचा ग्रंथ युरोपात गाजला. आजची गॉथिक धाटणीची इमारत १८७५ ते १८८२ या काळात उभी राहिली. पोपने १९७३ मध्ये तिला बॅसिलिकाचा मान दिला.

आत मेरीमातेला साडी नेसवलेली असते. २९ ऑगस्टला ध्वज चढतो, नऊ दिवस नोव्हेना चालते आणि ८ सप्टेंबरला मातेच्या जन्मदिवशी रथ निघतो. मुंबईकरांना बांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा ठाऊक असते, तीही याच सणाची. पण इथले वातावरण वेगळे आहे. भगवी वस्त्रे घातलेले भाविक दूरवरून चालत येतात, कन्नड, तमिळ आणि इंग्रजीत प्रार्थना होतात, मेणबत्त्यांच्या शेजारी फुलांचे हार आणि नारळ दिसतात. रांगेत हिंदू बायका असतात, बुरखा घातलेल्याही असतात. नवस बोलायला येणाऱ्याची जात इथे कुणी विचारत नाही.

चर्चकडून ओ. पी. एच. रोडला वळले की जुम्मा मशीद, अत्तराची दुकाने, टोप्या, कापड आणि चांदनी चौकातली खाण्याची ठिकाणे लागतात. रमजानमध्ये हा भाग रात्रभर जागा असतो. समोसे, कबाब, हलीम आणि सुलेमानी चहा यांसाठी साऱ्या शहरातून लोक येतात. दुसऱ्या बाजूला मीनाक्षी कोविल स्ट्रीट आणि धर्मराज कोविल स्ट्रीट ही नावे तमिळ देवळांची खूण सांगतात. थोडे दक्षिणेला गेले की कमर्शियल स्ट्रीट आणि ज्वेलर्स स्ट्रीट. तिथे मारवाडी, सिंधी आणि गुजराती दुकानदार भेटतात आणि कापड, सोने, मिठाई यांचे दुसरेच जग सुरू होते. मोटारींचे जुने सुटे भाग हवे असतील तर गुजरीच्या गल्ल्यांत जावे. जुन्या गाड्या उकलून त्यांचा प्रत्येक भाग इथे वेगळा विकला जातो आणि शहरभरचे मेकॅनिक तिथे खेपा घालतात.

छावणीचे हे गाव आणि जुन्या पेठेचे बंगळूर ही दीर्घकाळ दोन वेगळी शहरे होती. १८८१ मध्ये इंग्रजांनी म्हैसूरचे राज्य वाडियार घराण्याला परत दिले, पण छावणी मात्र स्वतःकडे ठेवली. तिची नगरपालिका वेगळी, कर वेगळे, पोलीस वेगळे. १८६४ मध्ये मद्रासकडून आलेली आगगाडीही आधी छावणीच्या स्थानकावर थांबली. १८९८ च्या प्लेगने दाट वस्तीचे हाल केले, तेव्हा गर्दी मोकळी करण्यासाठी शेजारी फ्रेझर टाउन वसवले गेले. २६ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या अवघे वीस दिवस आधी, छावणी म्हैसूर संस्थानाकडे आली. १९४९ मध्ये दोन्ही नगरपालिका एक होऊन बंगळूर महानगरपालिका झाली. स्वातंत्र्यानंतर ब्लॅकपल्ली हे गोऱ्यांच्या काळातले नाव जाऊन शिवाजीनगर हे नाव रूढ झाले.

इथे राहायचे झाले तर काय? माझ्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाने ते करून पाहिले आहे आणि त्यांच्या सांगण्यात मला तथ्य वाटते. घरे जुनी, जिने अरुंद, गल्ल्या चिंचोळ्या. स्वतःची मोटार असेल तर ती ठेवायची कुठे, हा पहिला प्रश्न. बंगळुरात अनामत रक्कम मोठी मागतात, पूर्वी तर दहा महिन्यांचे भाडे आगाऊ द्यावे लागे. त्याशिवाय ‘लीज’ नावाची एक पद्धत आहे, कन्नडमध्ये तिला भोग्य म्हणतात. एकरकमी मोठी रक्कम मालकाकडे ठेवायची, महिन्याचे भाडे द्यायचे नाही आणि मुदत संपली की सगळी रक्कम परत घ्यायची. हे करताना नोंदणीकृत करार केल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये आणि घरावर कर्ज आहे का, ते आधी तपासावे.

पाणी कावेरीचे. जवळजवळ शंभर किलोमीटरवरून ते वर चढवून शहरात आणतात, म्हणून रोज येईलच असे नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात साऱ्या शहराने टंचाई सोसली. घर घेताना साठवणीची टाकी किती मोठी आहे, ते विचारून घ्यावे. पाऊस आपल्यासारखा जून-जुलैत जोराचा नसतो. त्याचा जोर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जास्त, आणि त्या दिवसांत सखल गल्ल्यांत पाणी साचते. पहाटेची अजान, चर्चची घंटा, देवळाचा ढोल आणि बाजाराचा कलकलाट हे सारे आवाज रोजचे आहेत. ज्याला शांतता हवी त्याने फ्रेझर टाउनच्या आतल्या रस्त्यांवर घर पाहावे.

सोयींच्या बाबतीत मात्र हा भाग उजवा. बसस्थानक शहरातल्या मोठ्या स्थानकांपैकी एक, जवळपास सगळीकडे इथून बस मिळते. जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या रहिवासी महिलांना साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही. छावणी रेल्वे स्थानक हाकेच्या अंतरावर आहे. १८६८ मध्ये सुरू झालेले बोअरिंग रुग्णालय आज सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे आणि गरिबांचा मोठा आधार आहे. भाजी, मांस, मासळी, मसाले, शिंपी, चांभार, घड्याळजी, सारे पायी पोहोचण्याच्या टप्प्यात. हिंदीवर निभते, दखनी कानाला पटकन ओळखीची वाटते. पण माणूस म्हणून जवळ केले जाते ते कन्नड बोलू लागल्यावरच.

शिवाजीनगर म्हटले की मराठी मन साहजिकच शहाजीराजांकडे वळते. १६३८ मध्ये विजापूरकरांच्या फौजेने केंपेगौडाकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १६४० च्या सुमारास जिजाबाई आणि बालशिवाजी काही काळ इथे होते आणि इथूनच ते पुण्याच्या जहागिरीवर परतले. पुढे व्यंकोजीराजांच्या काळातला १६६९ चा शिलालेख आजही मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळात आहे. १६८७ मध्ये मोगलांनी शहर घेतले आणि मोबदला घेऊन चिक्कदेवराज वाडियार यांना दिले. शहाजीराजांचे ठाणे जुन्या पेठेत होते. आजच्या शिवाजीनगरच्या जागी तेव्हा शेते आणि तळी होती. पण राजांच्या बंगळूरचे एक वैशिष्ट्य इथे मला फार आठवते. जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’ या काव्यात शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन आहे आणि त्या दरबारात अनेक भाषांचे कवी आपापली रचना सादर करतात. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी हे काव्य संपादित करून मराठी वाचकांसमोर ठेवले. आपल्या एका पराक्रमी पुरुषाने बंगळुरात जे वैभव उभे केले, त्यात बहुभाषिकता मानाने बसलेली होती.

म्हणूनच २०२५ च्या सप्टेंबरमध्ये झालेल्या वादाचे मला दुःख झाले. मेट्रोच्या गुलाबी मार्गिकेवर शिवाजीनगर हे भुयारी स्थानक आहे. त्याला सेंट मेरी यांचे नाव देण्याची शिफारस करू, असे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी बॅसिलिकाच्या सणात सांगितले आणि महाराष्ट्रातून तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. माझे मत स्पष्ट आहे. लोक ज्या नावाने हा भाग ओळखतात, ते महाराजांचे नाव स्थानकावर राहावे. पण त्याच स्थानकात द्युबुआंच्या गवती प्रार्थनाघराची, इस्माइल सेठ यांच्या दानाची, मद्रासहून आलेल्या गवंड्यांची आणि रसेल मार्केटची हकिगतही भिंतीवर यावी. महाराजांच्या नावाच्या वस्तीत दोनशे वर्षे सगळ्या धर्मांची माणसे शेजारी शेजारी नांदली, ही त्या नावाची शोभा आहे. दुसऱ्याची श्रद्धा पुसून ती वाढणार नाही.

बंगळुरात असाल तर एकदा सकाळी सात वाजता शिवाजीनगरला जा. आधी मार्केट, मग चर्च, मग ओ. पी. एच. रोड, आणि हे सारे पायी पाहा. राहायलाच जाणार असाल तर पहिल्या महिन्यात कन्नड आकडे शिका, एक भाजीवाला आणि एक मासळीवाला कायमचा धरा, रमजानच्या इफ्तारीला आणि ८ सप्टेंबरच्या रथाला शेजाऱ्यांसोबत उभे राहा. पुढचे सारे ते शेजारीच शिकवतील.