हद्दीबाहेरचे सोलापूर

सोलापूरला येणारा पाहुणा सिद्धेश्वराचे तळे पाहतो, भुईकोट किल्ल्यात फेरी मारतो, चादरी आणि शेंगाचटणी घेतो व परततो. आज मी आपणांस नेणार आहे ते स्थळ पाहायला कोणी येत नाही. परंतु ज्यांच्या घरी वृद्ध माणूस आहे आणि ज्यांनी अलीकडे शहराबाहेर घर घेतले आहे, त्यांनी ते पाहावे असे मला वाटते. हे स्थळ म्हणजे शहराच्या आग्नेयेस, दक्षिण सोलापूर तालुक्यात असलेले कुंभारी आणि तेथील माळावर उभी राहिलेली कामगारांची घरकुले.

अशोक चौकातून अक्कलकोट रस्त्याला लागलो की थोड्याच वेळात औद्योगिक वसाहत येते. यंत्रमागांचा खडखडाट रस्त्यावरही ऐकू येतो. या मागांवर टॉवेल आणि चादरी विणणारी अनेक कुटुंबे मूळची तेलंगणातील. पिढ्यान्‌पिढ्या ती साखर पेठ, दत्त नगर या पूर्वभागात दाटीवाटीने राहत आली. पुरुष मागावर आणि बायका विड्या वळायला, अशी घरोघरी वाटणी. मागांचा आवाज मागे पडला की दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि हंगामात उभी ज्वारी. नंतर एकाएकी, जणू कोणी पेटीतून ओतावीत, तशी एकसारखी घरे दिसू लागतात.

1992 साली सोलापूर महापालिकेची हद्द वाढली आणि भोवतालची अनेक गावे शहरात आली. कुंभारी बाहेरच राहिले. याच बाहेरच्या माळावर कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची सुमारे 10,000 घरे उभी राहिली. आयुष्य वारली आदिवासींत वेचलेल्या बाईंचे नाव विडी वळणाऱ्या बायकांच्या वसाहतीला लाभावे, हे मला योग्य वाटते. केंद्र, राज्य आणि स्वतः कामगार अशा तिघांच्या वाट्यातून झालेली ही घरे 1 सप्टेंबर 2006 रोजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते सुपूर्द झाली. पुढे रे नगर आले. ही योजना 30,000 घरांची. विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, शिलाईकाम करणारे, कचरा वेचणारे यांच्यासाठीही. त्यातील पहिली 15,000 घरे 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दिली. या दोन्ही योजनांमागे माजी आमदार नरसय्या आडम मास्तर यांची अनेक वर्षांची चळवळ आहे. राजकारण हा माझा विषय नव्हे; पण दोन विरुद्ध पक्षांच्या पंतप्रधानांना एकाच गावच्या घरकुलांसाठी येथे यावे लागले, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

आता थोडा हिशेब करा. ही सारी घरे भरली आणि घरटी चारच माणसे धरली, तरी दीड लाखाहून अधिक वस्ती होते. एवढे मोठे शहर एका खेड्याच्या शिवारात वसते आहे.

माझा या माळाशी संबंध आला तो एका अव्वांमुळे. पूर्वभागातील माझ्या दवाखान्यात त्या वीस वर्षे येत होत्या. रक्तदाब जुना, गुडघे त्याहून जुने. एकदा तपासले तर रक्तदाब बराच वाढलेला. ‘गोळ्या घेता ना?’ असे विचारले, त्यांनी मान हलवली. मी मात्रा वाढवून दिली. तीन आठवड्यांनी सून त्यांना घेऊन आली ती मनगटाला प्लास्टर घालून. जिन्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली होती. उलगडा तेव्हा झाला. कुटुंब रे नगरात राहायला गेले होते. ‘दोन रिक्षा कराव्या लागतात डाक्टर, म्हणून गोळी अर्धी करून खात होते,’ अव्वा म्हणाल्या. मी वाढवलेली पूर्ण मात्रा सून इमानाने देऊ लागली आणि रक्तदाब एकदम खाली आला. वीस वर्षांच्या रुग्णाला ‘हल्ली कुठे राहता?’ एवढे मी विचारले नव्हते. तो हाडाचा मोड माझ्या हिशेबी आहे.

म्हणून काळजी घेणाऱ्यांना माझी पहिली विनंती ही की, घर बदलले तर ते डॉक्टरांना आपण होऊन सांगा. आणि गोळ्या घेतल्या का हे विचारण्यापेक्षा पाकिटात किती उरल्या ते मोजा. हिशेबापेक्षा जास्त उरल्या असतील तर रागावू नका. पण पुढची तपासणी होण्यापूर्वी ते डॉक्टरांच्या कानावर घाला.

त्या प्रसंगानंतर मी महिन्यातून एका रविवारी कुंभारीला जाऊ लागलो. येथील घर लहान असले तरी पक्के आहे, ओलीने पोपडे सुटलेल्या भिंतींत जन्म गेलेल्यांना ते मोठे सुख आहे, आणि ते बाईच्या कष्टाचे आहे याचा अभिमान दारात दिसतो. पण वरच्या मजल्यावर राहणाऱ्या म्हातारीचे जग जिन्याने ठरते. अव्वा दुसऱ्या मजल्यावर. प्लास्टर निघाल्यावरही दोन महिने त्या खाली उतरल्या नव्हत्या. त्यांना मी एवढेच शिकवले की चढताना बरा पाय आधी टाकायचा, उतरताना दुखरा पाय आधी, आणि हात कठड्यावरून सोडायचा नाही. पुढची तोड मात्र सुनेने काढली. तळमजल्यावरच्या शेजारणीच्या ओट्यावर अव्वांची दिवसभराची बैठक ठरली. सकाळी एकदा उतरायचे, संध्याकाळी एकदाच चढायचे. सूप, कात्री, दोरा सगळे खालीच ठेवलेले.

आपण त्या ओट्यावर थोडे टेकू या. भिजवलेली तेंदूची पाने मापाने कापून, चिमूटभर तंबाखू भरून, बोटांनी टोक दुमडून दोरा बांधायचा. हात इतक्या वेगाने चालतात की नजर पुरत नाही. कारखान्यात तपासणीत नापास होणारी विडी म्हणजे ‘छाट’. तिचे पैसे मिळत नाहीत. साठीच्या बाईला मी डोळ्यांविषयी विचारले तर ‘बरे दिसते’ असेच उत्तर येते. त्याऐवजी ‘छाट वाढली आहे का?’ असे विचारतो. वाढली असेल तर मोतीबिंदूसाठी डोळे तपासायला पाठवतो. आपल्या घरात विड्या नसतील. परंतु निवडलेल्या तांदळात खडे राहू लागले, सुईत दोरा ओवला जाईना, हाही तोच निरोप आहे.

तंबाखूची भुकटी श्वासातून जाते, निकोटीन कातडीतूनही शरीरात उतरते. म्हणून काम उघड्यावर करावे, जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत, तान्ह्या मुलाला सुपाशेजारी निजवू नये. शिवाय मिशरी. पिढ्यांची ही सवय एका भाषणाने सुटत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. निदान महिन्यातून एकदा आजीला उजेडात बसवून तोंड उघडायला सांगा. पांढरा वा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेला व्रण दिसला तर थांबू नका. कुंभारीतच अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे. पण जवळच्या रुग्णालयातही कोणीतरी हात धरून नेल्याशिवाय वृद्ध माणूस पोहोचत नाही.

विडी वळणाऱ्या हातांची आणखी एक व्यथा फारशी कोणाला ठाऊक नसते. वर्षानुवर्षे पान दाबून बोटांवरच्या रेषाच झिजतात. भविष्य निर्वाह निधीचे किमान निवृत्तिवेतन 2014 पासून महिना 1,000 रुपये आहे. ही रक्कम किती तोकडी आहे ते मी सांगायला नको. तेही चालू राहण्यासाठी हयातीचा दाखला लागतो, आणि यंत्रावर अंगठा जुळत नाही. जिवंत बाई समोर उभी असते आणि यंत्र तिला ओळखत नाही! अशा वेळी डोळ्याच्या बुबुळावरून किंवा मोबाइलवर चेहऱ्यावरून दाखला निघतो. तसे स्पष्ट मागा. या निवृत्तिवेतनासाठी दाखला वर्षातून केव्हाही देता येतो व तो वर्षभर चालतो. नोव्हेंबरच्या गर्दीत आजीला उभे करण्याचे कारण नाही.

उन्हाळ्यात येथे याल तर सकाळी लवकर या. सोलापूरचा पारा चाळिशीपार जातो आणि या माळावर झाडे अजून गुडघ्याएवढीच आहेत. वृद्धांना तहान उशिरा लागते. म्हणून न मागता पाणी द्यावे. ज्यांना लघवी वाढवणारी गोळी चालू आहे त्यांना उन्हाळ्यात चक्कर येऊ लागली तर डॉक्टरांना लगेच विचारावे. जेथे पाणी साठवावे लागते तेथे पिंप झाकलेले हवे आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडे व्हायला हवे. डेंग्यूच्या डासाला तेवढीच मुदत लागते.

गेल्या रविवारी गेलो तेव्हा ओट्यावर अव्वांसह चौघी होत्या. तेलुगू, कन्नड, मराठी अशी सरमिसळ चालली होती. मी रक्तदाब मोजायला पट्टा काढला, तर अव्वांनी आधी सुपाखालून गोळ्यांचे पाकीट काढून माझ्यापुढे धरले. नऊ उरल्या होत्या. मी तारीख मोजली. नऊच उरायला हव्या होत्या. मग त्यांनी दंड पुढे केला आणि शेजारणीला म्हणाल्या, ‘तुझेही पाकीट आण गं. डाक्टर आता मोजून घेतात.’