तारेतली पत्रं

गेल्या मे महिन्यात गावच्या घराची कौलं चाळायची होती, म्हणून आम्ही भावंडं बऱ्याच वर्षांनी एकत्र जमलो. माळा रिकामा करताना ती तार हाती लागली. पूर्वी ती माजघराच्या खांबाला लटकलेली असायची. वरचं टोक आकड्यासारखं वळवलेलं, खालच्या टोकाला लाकडाची चकती. आलेलं पत्र वाचून झालं की त्या तारेत ओवायचं. तार गंजली होती, पण पत्रं तशीच होती, प्रत्येकाच्या पोटात एक भोक. कामाला आलेल्या माणसांना चहा दिला आणि आम्ही ओटीवर वाचत बसलो. जेवायची वेळ टळून गेली तरी कुणी उठलं नाही.

आमची वाडी संगमेश्वर तालुक्यातली. घरटी एक तरी माणूस मुंबईला आणि त्यातले बहुतेक गिरणीत. बाबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते, काका बदली कामगार. लालबागला गावकीची खोली होती. तिथे वळकट्या टाकून वाडीतले सगळे एकत्र राहायचे. महिन्याची मनीऑर्डर आली की वाडीत मीठ-मिरची यायची, दुकानातली उधारी फिटायची. वाडीतल्या मोठ्या बायकांत लिहिता-वाचता येणारी एकही नव्हती. त्यामुळे पोर चौथीतून पाचवीत गेलं की गुरं सोडणं, पाणी भरणं यांच्या जोडीला पत्रं लिहिणं हे काम त्याच्या अंगावर यायचं. लिहिण्याची हौस म्हणून आमच्यापैकी कुणीच लिहायला लागलं नाही. कुणाला तरी काहीतरी सांगायचं होतं आणि त्याचा हात आम्ही होतो.

कार्ड पंधरा पैशांना मिळायचं. आजी कुळीथ निवडत बसायची आणि म्हणायची, "लिव." आधी ‘श्री’, मग ‘तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष’. एवढं माझं मला पाठ होतं. पुढचं आजीचं. ती मजकूर सांगत नसे, समोर बाबा बसल्यासारखी त्यांच्याशी बोलायची. तांबू गाभण आहे, वरच्या बाजूचा गडगा पडलाय, रात्रपाळी असली की पोटभर जेवून जा. मध्येच गप्प व्हायची, पदराने डोळे पुसायची. तेव्हा टाक धरून नुसतं थांबायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी "काय लिवलंस ते वाच बघू" म्हणून पूर्ण कार्ड ऐकायची. कार्ड हातात घेऊन उलटसुलट बघायची आणि कोरी जागा दिसली की म्हणायची, "एवढी जागा हाय अजून. फणसाचं लिव." पंधरा पैसे दिलेत तर बोटभर जागाही वाया जाता कामा नये. मग पत्त्याच्या रेघेला लागून, कार्डाच्या कडेने आडवं असं फणसाचं लिहायचं.

ताईचं अक्षर मोत्यासारखं, त्यामुळे तिच्याकडे अख्खी वाडी यायची. शेजारच्या घरात नवी सून आली होती. लग्नानंतर आठवड्यातच नवरा मुंबईला परतला. ती कार्ड घेऊन आली, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, पण तोंडातून शब्द फुटेना. शेवटी म्हणाली, "तूच लिव काय ते." ताई तेव्हा तेरा वर्षांची होती. तिला एवढंच ठाऊक होतं की कार्ड उघडं असतं. पोस्टमन वाचतो, लालबागच्या खोलीत ज्याला वाचता येतं तो मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात. तिने खुशाली लिहिली आणि खाली एक ओळ घातली : दारातल्या अबोलीला यंदा खूप फुलं आली आहेत. पुढच्या मनीऑर्डरीच्या कुपनावर उत्तर आलं : अबोलीला पाणी घालावे. त्या वहिनी ते कुपन कितीतरी दिवस कमरेच्या चंचीत घेऊन फिरत होत्या. ताई आज म्हणते, "मला लिहायला त्या ‘तूच लिव’नं शिकवलं. शाळेत शिकले ते अक्षर."

शाळेतल्या लिहिण्याचं फारसं सांगण्यासारखं नाही. पावसाळ्यातील एक दिवस, सूर्य उगवला नाही तर, फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त. ते सगळ्यांनीच लिहिलंय. एक मात्र खरं की शनिवारी दप्तरं आवरून झाली की गुरुजी ‘श्यामची आई’ वाचून दाखवायचे. साने गुरुजींचं पालगड आमच्याच जिल्ह्यातलं, दापोली तालुक्यातलं. त्यांनी ते पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, हे गुरुजी प्रत्येक वेळी सांगायचे. तुरुंगातून माणूस आईची गोष्ट का लिहितो, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. मुंबईतून गावी पत्र येतं तसंच ते असणार, असं मी धरून चाललो होतो.

हेच गुरुजी गावचे पोस्टमास्तरही होते. त्या काळी खेड्यातलं शाखा टपाल कार्यालय पुष्कळदा शिक्षकाकडेच असायचं. शाळेच्या कपाटातला वरचा खण टपालाचा. मधल्या सुट्टीत एसटीतून थैली यायची आणि गुरुजी टेबलावर धाडधाड शिक्के मारायचे. वाडीत कुणाची मनीऑर्डर आली आणि कुणाची नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसायचं.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आम्हाला तो कळला तो थैलीतून. होळीपर्यंत थोडेफार पैसे आले, मग येईनासे झाले. काका गावी परतले. संप आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत बाबा तिथेच थांबले, मिळेल ती हमाली करत. त्या वर्षी गणपतीला बाबा आले नाहीत. कोकणातल्या घरात याचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको. आरतीला टाळ होते, माणसं होती, पण आजी दर गाडीच्या आवाजाला वाटेकडे बघत होती.

आणि तरीही आजी पत्रात सांगायची, "आमी खुशाल हाव. भात भरपूर हाय. काळजी करू नको." मी लिहायचो. कणगीच्या तळाला हात लागत होता, दोन्ही वेळ पेज होती आणि मी ‘भरपूर’मधला दीर्घ ऊकार नीट काढत होतो. आजीला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, ओसरीवर बसलेल्या काकांना ठाऊक होतं. मला ते लिहिणं जड जाऊ लागलं.

मी सातवीत होतो. सहामाही परीक्षेत मराठीच्या पेपरात प्रश्न आला : सहलीला जाण्यासाठी पैसे मागणारे पत्र वडिलांना लिहा. मायना घातला आणि पुढे हात थांबेना. पैसे पाठवू नका असं लिहिलं. भात संपत आलंय, आजी एक वेळ जेवत नाही आणि भूक नाही म्हणते. तांबूचं वासरू विकलं. गणपतीत तुमची जागा मोकळी ठेवली होती. पैसे नसले तरी तुम्ही या.

दोन दिवसांनी गुरुजींनी शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. उत्तरपत्रिका टेबलावर होती. पाचापैकी दोन गुण दिले होते. प्रश्नात पैसे मागायचे होते, ते मी मागितले नव्हते, हे त्यांनी आधी समजावून सांगितलं. मग चष्मा काढून विचारलं, "हे घरून पाठवलंस का?"

"नाही."

"का?"

"कार्ड उघडं असतं, गुरुजी."

ते उठले, वरच्या खणातून एक पाकीट काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. खिशातून सुटे पैसे काढून टपालाच्या डब्यात टाकले. "इथंच बसून उतरवून काढ," म्हणाले आणि पाठ करून फळा पुसू लागले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

उत्तर दिवाळीच्या तोंडावर आलं. एरवी बाबांची पत्रं खोलीतले एक लिहिणारे काका लिहायचे, एकसारख्या तिरप्या अक्षरात. बाबा स्वतः दुसरीपर्यंतच शिकलेले. हे आंतरदेशीय होतं. आत चार ओळी, पेन्सिलीने दाबून लिहिलेल्या. रेघ सुटलेली, वेलांट्या भलतीकडे. एका जागी खोडून कागद फाटला होता. तार हातात घेऊन आम्ही बसलो होतो तेव्हा ताईने तेच पत्र सगळ्यांत आधी शोधून काढलं. मला ते उघडून बघावं लागलं नाही, पाठच आहे. त्यात काय आहे ते आम्हा भावंडांपाशीच राहू दे.

त्या दिवशी आजी चुलीपुढे होती. "काय लिवलंय?" तिने विचारलं. मी पत्र डोळ्यांसमोर धरलं आणि तिथे नव्हतं ते वाचू लागलो. बाबा खुशाल आहेत. जेवण वेळेवर आहे. काळजी करू नये.

आजीने फुंकणी खाली ठेवली, पत्र माझ्या हातातून घेतलं आणि जाळाच्या उजेडात धरलं. फाटलेल्या जागेवरून अंगठा फिरवत राहिली.

"हे आज त्यानं सवताच्या हातानं लिवलंय," ती म्हणाली. आणि तारेत न ओवता घडी करून चोळीत ठेवलं. तारेत ते कुणी ओवलं, ते आम्हा कुणालाच आठवत नाही. आजी गेली तेव्हा तिच्या उशाखालून निघालेलं असणार.