आपला संघ कोणता?

बेळगावहून चोर्ल्याचा घाट उतरून, साखळी व डिचोली मागे टाकून म्हापशाच्या पुढे गेले म्हणजे शापोरा नदीच्या काठी शिवोली हे गाव लागते. नारळीची बने, कौलारू घरे, घरांपुढे दगडी बाकांची ती ओटी, जिला गोव्यात बल्कांव म्हणतात, आणि संत अंतोनीचे पांढरे शुभ्र चर्च. बहुतेक प्रवासी या गावातून समुद्राकडे घाईने निघून जातात. वाचकांपैकी कोणी त्या बाजूस गेले तर त्यांनी येथे घटकाभर अवश्य थांबावे. 1883 साली विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे एक आयरिश धर्मगुरू या गावी आले आणि त्यांनी येथील मुलांस फुटबॉल शिकविला, अशी गोव्याच्या क्रीडेतिहासात नोंद आहे. जवळच्या हडफडे गावातील सेंट जोसेफ शाळा ही त्यांचीच स्थापना. राज्य पोर्तुगालचे, खेळ इंग्रजांचा, शिकविणारा आयर्लंडचा आणि खेळणारी मुले कोकणी बोलणारी, अशी ही आरंभापासूनच सरमिसळ होती.

2022 च्या नोव्हेंबर महिन्याच्या मध्यास काही कामानिमित्त आमचे चार दिवस गोव्यात मुक्काम घडला. त्या महिन्याच्या 20 तारखेस कतार देशात विश्वचषकाची स्पर्धा सुरू व्हावयाची होती. भातकापणी आटोपलेली होती. ओस पडलेल्या मळ्यांतून बांबूचे गोलखांब उभे राहिले होते आणि वाड्यावाड्यांचे सामने रंगू लागले होते. परंतु रस्त्याने जाताना दृष्टीस पडत होत्या त्या परदेशांच्या पताका. एका घरावर ब्राझीलची हिरवी-पिवळी, समोरच्या घरावर अर्जेंटिनाची निळी-पांढरी, आणि कोठे कोठे, जराशी संकोचून लावल्यासारखी, पोर्तुगालची हिरवी-तांबडी. त्या 32 संघांत भारत नसल्यामुळे तिरंगा कोठेच नव्हता.

शिवोलीच्या तिठ्यावरील चहाच्या दुकानात आम्ही पाव आणि पातळ भाजी मागविली. शेजारच्या बाकांवर वाद ऐन रंगात आला होता. एक निवृत्त शिक्षक, एक बसचालक, पहाटेची फेरी आटोपून आलेला पोदेर आणि शाळेचे दप्तर पाठीवर तसेच ठेवून उभा असलेला एक मुलगा, असे चौघे वादी होते. शिक्षकांचा सारा भर हिशेबावर. 2006 पासून चषक युरोपाबाहेर गेलेला नाही. इटली, स्पेन, जर्मनी, फ्रान्स, चारही वेळा युरोपच. म्हणून याही वेळी युरोप. मग फ्रान्सच का? तर नव्हे, कारण 2002 साली फ्रान्स, 2010 साली इटली, 2014 साली स्पेन आणि 2018 साली जर्मनी, हे गतविजेते म्हणून आले आणि पहिल्याच फेरीत घरी गेले. तेव्हा फ्रान्सचे मरण ठरलेलेच आहे.

“आशियात ही स्पर्धा याआधी एकदाच भरली,” बसचालक म्हणाला. “2002 साली. तेव्हा कोण जिंकला, मास्तर?”

ब्राझील जिंकला होता. मास्तरांनी चहाचा घोट घेतला आणि एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही असे बजावले. पोदेर अर्जेंटिनाचा. तो शांतपणे म्हणाला, की अर्जेंटिनाचा संघ 36 सामने हरलेला नाही आणि जुलै 2021 मध्ये त्याने ब्राझीलला ब्राझीलच्याच माराकाना मैदानावर हरवून कोपा अमेरिका चषक नेला आहे. या घावावर बसचालकाजवळ एकच उत्तर होते, ते म्हणजे उजव्या हाताची पाच बोटे. पाच विश्वचषक ब्राझीलखेरीज कोणाजवळ आहेत? हे सारे संभाषण अशा आपुलकीच्या सुरात चालले होते, की जणू ब्राझील हे म्हापशापलीकडचे एखादे गाव असून तेथे या गृहस्थांची मुलगी दिली आहे.

मुलगा तोवर गप्प होता. तो म्हणाला, “आपण कतारला त्यांच्याच गावी रोखले होते.”

हे खरे आहे. 10 सप्टेंबर 2019 रोजी दोहा येथे पात्रता फेरीत भारताने कतारशी शून्य-शून्य अशी बरोबरी केली होती, आणि कतार त्या वेळी आशियाचा विजेता होता. पुढे भारत आपल्या गटात कतार आणि ओमान यांच्या मागे तिसरा राहिला व तेथेच वाट संपली. 1950 साली ब्राझीलमधील स्पर्धेत भारताला प्रवेश मिळाला होता, पण आपला संघ गेलाच नाही. त्यानंतर आजवर दार उघडलेले नाही. मुलाच्या बोलण्यावर कोणी हसले नाही. कोणी उत्तरही दिले नाही. बसचालकाने आपले भाडे खोळंबल्याचे निमित्त करून उठणे पसंत केले, आणि जाता जाता पोदेराशी एका कोंबड्याची पैज लावली. पैजेविषयी आमचे मत आम्ही तेथे बोलून दाखविले. त्याचा परिणाम इतकाच झाला, की कोंबड्याच्या जागी पावांची टोपली आली.

गोव्याने ब्राझीलवर इतकी माया का करावी, याचा आम्ही वाटेत विचार करीत होतो. खेळ देखणा हे तर खरेच. पण ब्राझील हीही एके काळी पोर्तुगालचीच वसाहत, 1822 साली स्वतंत्र झालेली. ब्राझीलचा कर्णधार थियागो सिल्वा. पोर्तुगालच्या संघात बर्नार्दो सिल्वा आणि ब्रुनो फर्नांडिस. सासष्टी-बार्देशातील कोणत्याही चर्चचे बाप्तिस्म्याचे पुस्तक उघडावे, हीच आडनावे पानोपानी सापडतील. ब्राझीलच्या बाजूने ओरडले म्हणजे नावांचे नाते राहते आणि राज्यकर्त्यांची आठवण टळते, असे तर नसेल?

ही आठवण किती जिवंत आहे ते कळंगुट येथे दिसते. 28 डिसेंबर 2021 रोजी तेथे क्रिस्तियानो रोनाल्डोचा पितळी पुतळा उभारण्यात आला. वजन सुमारे 410 किलो. तरुणांस स्फूर्ती मिळावी हा हेतू सांगण्यात आला. परंतु गोवामुक्तीला साठ वर्षे पूर्ण होऊन जेमतेम नऊ दिवस लोटले होते. त्याच पोर्तुगालच्या खेळाडूचा पुतळा येथे का, म्हणून काही लोक काळी निशाणे घेऊन आले. पुतळाच हवा तर आपल्या ब्रुनो कुटिन्हो, समीर नाईक यांचा का नको, असाही प्रश्न झाला. हा प्रश्न आम्हांस रास्त वाटतो. भारताचे कर्णधारपद भूषविणारे गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर याच भूमीतले; 1983 साली बंगालबरोबर संयुक्तपणे आणि 1984 साली एकट्याने संतोष करंडक जिंकणारा गोवा हाच. तथापि पुतळ्याशेजारी उभे राहून हसत छायाचित्र काढून घेणारी मुले पाहिल्यावर त्यांच्या मनात कोणतेही साम्राज्य नसावे, हेही कबूल करावे लागते.

तिसऱ्या दिवशी आम्ही दक्षिणेस सासष्टीत बाणावलीला एका परिचित वृद्ध गृहस्थांकडे गेलो. वय ऐंशीच्या घरात. त्यांच्या बल्कांवावर पोर्तुगालची पताका पाहून आम्हांस किंचित आश्चर्य वाटले, आणि ते त्यांच्या लक्षात आले.

“फादर, गावात मला विचारतात, तुम्ही अजून पोर्तुगालचेच का? मी पोर्तुगालचा कधीच नव्हतो. मी युझेबिओचा.”

त्यांचा जन्म बाणावलीचा, पण वडील नोकरीनिमित्त मोझांबिकमध्ये लोरेंसो मार्क्स येथे, म्हणजे आजच्या मापुतो शहरात, त्यामुळे बालपण तिकडे गेले. त्या शहराच्या माफालाला नावाच्या गरीब वस्तीत पत्र्याच्या घरांतून युझेबिओ वाढला. वयाने तो यांच्याहून वर्षभरच मोठा. 1960 सालाअखेर तो लिस्बनला गेला. तत्पूर्वी त्याला गावच्या मैदानावर धावताना यांनी कुंपणाबाहेरून पाहिलेले. आणि मग 23 जुलै 1966. इंग्लंडमधील विश्वचषकात उत्तर कोरियाने पोर्तुगालवर पहिल्या 25 मिनिटांत तीन गोल चढविले. युझेबिओने एकामागून एक चार गोल केले आणि सामना 5-3 असा जिंकला. त्या स्पर्धेत त्याचे नऊ गोल झाले, पोर्तुगाल तिसरा आला. “सारे शहर रेडिओभोवती,” ते म्हणाले. “गोरे लोक पोर्तुगाल जिंकला म्हणून नाचत होते. काळे लोक युझेबिओ जिंकला म्हणून. आम्ही गोंयकार मध्ये उभे. मी कोणाबरोबर नाचलो ते तुम्ही ओळखा.” 1975 साली मोझांबिक स्वतंत्र झाले आणि हे कुटुंब बाणावलीस परतले.

मात्र चर्चेस बसल्यावर या गृहस्थांनी ममता बाजूस ठेविली. रोनाल्डो 37 वर्षांचा. त्याच आठवड्यात त्याने आपल्याच क्लबाविरुद्ध मुलाखत देऊन मोठा कलह ओढवून घेतलेला. पोर्तुगालला त्यांनी उपांत्यपूर्व फेरीपर्यंत जाऊ दिले, एक पाऊलही पुढे नाही. क्रोएशियाला मात्र कोणी हलके समजू नये असे ते आग्रहाने सांगत होते: गोव्याच्या तिपटीहूनही कमी लोकवस्तीचा देश, आणि 2018 साली अंतिम सामना खेळलेला.

त्यांचा नातू सुटीवर आला होता. पोर्तुगीज अमलात गोव्यात जन्मलेल्यांस आणि त्यांच्या मुला-नातवंडांस पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते. त्या वाटेने हजारो गोमंतकीय तरुण युरोपात गेले, आणि इंग्लंडातील स्विंडन शहरात तर त्यांची मोठी वस्ती आहे. हा मुलगा तेथेच एका गोदामात कामास. पासपोर्ट पोर्तुगालचा, पगार इंग्लंडचा आणि अंगात सदरा अर्जेंटिनाचा, मेस्सीचा दहा आकडा पाठीवर. “शापाय,” तो आजोबांस म्हणाला, “तुमचा युझेबिओ तसा माझा हा.” यावर आजोबांचे तोंड बंद झाले, कारण मुद्दा त्यांच्याच पद्धतीचा होता. नातवाची धाकटी बहीण या साऱ्या पुरुषी चर्चेला कंटाळलेली. नुकतीच, ऑक्टोबरात, सतरा वर्षांखालील मुलींची विश्वस्पर्धा भारतात झाली होती आणि फातोर्ड्याच्या मैदानावर स्पेनने जर्मनीला उपांत्य सामन्यात एका गोलाने हरविलेले तिने स्वतः पाहिले होते. तिच्या लेखी विश्वचषक होऊन गेला होता. भुवनेश्वरला मोरोक्कोच्या मुलींनी आपल्या मुलींवर तीन गोल केले याचे दुःख मात्र तिच्या मनात ताजे होते. चार दिवसांच्या त्या चर्चांत मोरोक्को हे नाव आमच्या कानी पडले ते एवढेच.

तेवढ्यात शेजारची एक बाई पेज पोहोचवावयास आली. तिचा मुलगा दोह्यास एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात. कोणी तरी कतारच्या आठ मैदानांचे वर्णन करीत होते, त्यांतले एक 974 माल-पेट्यांचे उभारले आहे असे सांगत होते. तिने ऐकून घेतले. ती कामे भर उन्हात करताना आपल्या आणि नेपाळ-बांगलादेशाच्या किती मजुरांचे प्राण गेले याच्या आकड्यांवर त्या दिवसांत जगभर वाद चालू होता. तो वाद तिच्यासमोर कोणी काढला नाही. तिने फक्त विचारले, अंतिम सामना 18 डिसेंबरला, तर मुलाला नाताळाची सुटी मिळेल ना? नातवाने मिळेल म्हणून सांगितले. वस्तुतः त्याला काय ठाऊक?

पुढे जे घडले ते वाचकांस विदित आहेच. स्पर्धेच्या तिसऱ्याच दिवशी, 22 नोव्हेंबरास, सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला 2-1 असे हरविले आणि पोदेराचे 36 सामने संपले. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेनाचा शेवटचा दिवस 2 डिसेंबर. त्या रात्री दक्षिण कोरियाने पोर्तुगालला हरविले, आणि सणाचा दिवस उजाडण्यापूर्वी, मध्यरात्रीनंतरच्या सामन्यात, कॅमेरूनने ब्राझीलला. दोघेही गटात पहिलेच राहिले म्हणून निभावले. 9 तारखेस क्रोएशियाने ब्राझीलला पेनल्टींवर बाद केले. मास्तरांचे मेलेले फ्रान्स थेट अंतिम सामन्यास जाऊन पोहोचले, आणि चषक अखेर युरोपाबाहेर, अर्जेंटिनाकडे गेला. टोपलीभर पाव देणे बसचालकाकडे आले. पाव तो कोणाकडून विकत घेणार, हा प्रश्न आम्ही विचारला नाही.

10 डिसेंबरास पोर्तुगाल एका गोलाने हरले, उपांत्यपूर्व फेरीतच, म्हाताऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे. हरविणारा मोरोक्को. बेल्जियम आणि स्पेन यांना वाटेत बसवून उपांत्य फेरी गाठणारा तो आफ्रिकेचा पहिला देश ठरला. आम्ही दुसऱ्या दिवशी बाणावलीस दूरध्वनी केला. गृहस्थ मुळीच खिन्न नव्हते. आफ्रिका जिंकली, म्हणाले, आणि मग वर्तमानपत्रातील एक बातमी वाचून दाखवू लागले: मोरोक्कोच्या 26 खेळाडूंपैकी 14 जण त्या देशाबाहेर जन्मलेले. हकीमी माद्रिदचा, गोलरक्षक बोनो कॅनडात मॉन्ट्रियलला जन्मलेला, झियेश आणि अम्राबात हॉलंडचे. पोटासाठी परदेशी गेलेल्यांची मुले, आणि आईबापांच्या गावाकडून खेळली.

हे त्यांनी स्विंडनलाही वाचून दाखविले होते. नातू तेथे दर रविवारी एका साध्या संघातून खेळतो. आपल्या कायद्यात दोन देशांचे नागरिकत्व बसत नाही आणि परक्या पासपोर्टवर भारताच्या संघात उतरता येत नाही. इझुमी अराता 2013 साली भारताकडून खेळले ते जपानचे नागरिकत्व सोडून. नातू आधी हसला म्हणे. शापाय, मला गोदामाच्या संघातसुद्धा दर वेळी घेत नाहीत, तर भारत कशाला बोलावील? मग जरा थांबून त्याने विचारले, त्या अरातांचे कागद व्हायला किती दिवस लागले होते?